तीन मिस्ड कॉल

माझ्या स्वयंपाकघरात, खिडकीच्या चौकटीला
अकरा खिळे, अकरा चाव्या.
त्यातलं एकही घर माझं नाही.

हिरव्या दोऱ्याची अन्साबाईंची,
लाल दोऱ्याची हाजराबींची,
बिनदोऱ्याची मन्मथ गुरुजींची.
"दोरा कशाला? मला काय दावणीला बांधूलालीस?"

औशात नळ आठव्या दिवशी येतो, तोही रात्री दोनला.
तालमीतल्या सोपानला सांगून ठेवलंय,
आधी किल्ल्याकडची तीन घरं, मग तुझं.
मेडिकलवाला रियाज गोळ्यांच्या पुड्या बांधतो,
सकाळच्या पुडीवर सूर्य, रात्रीच्या पुडीवर चंद्र,
पेनानं काढलेला, जरा वाकडा.
रेशनच्या मशीनवर गुरुजींचा अंगठा उमटत नाही,
खडूनं झिजला.
लिंबानं पुसून, पदरानं कोरडा करून
चौथ्या खेपेला मशीन मान्य करतं
की ते आहेत.

मार्चमध्ये अन्साबाई न्हाणीत पडल्या.
सात वाजले तरी ओसरीवरचा बल्ब जळतोय
हे दूधवाल्या पोरानं पाहिलं.
हिरवा दोरा खिळ्यावरून निघेना.
ओल्या फरशीवर, भिंतीला पाठ लावून त्या,
"किती येळ लावलास गं. गार लागूलालंय."

मुलगा चाकणहून आला. बॅग भरली.
दोन पातळं, पासबुक, अडकित्ता.
अडकित्ता त्यांनी परत काढून घेतला.
"इथं पडले तर कोण येतंय, मला ठाऊक हाय.
तिथं कोण येतंय, तुला तरी ठाऊक हाय का?"
तो माझ्याकडं बघत राहिला.
मी वचन दिलं नाही. वही दिली.
कुठल्या वारी कोण, कोण नसेल तर कोण.
"आणि तुम्ही नसाल तर?"
तेवढं पान कोरं होतं.
त्यानं पेन मागितला, स्वतःचं नाव लिहिलं,
पुढं, बऱ्याच वेळानं: शनिवार.

न्हाणीत पाइपाची दांडी बसली.
आणि एक नेम ठरला, फुकटातला.
सहाला एक मिस्ड कॉल, म्हणजे उठले.
दोन, म्हणजे गुडघा धरलाय, पण उठले.
उचलायचा नाही.
अन्साबाई मला, हाजराबी अन्साबाईंना,
गुरुजी हाजराबींना, आणि आकडा चुकला की
लातूरच्या कुणा अनोळखी माणसाला,
जो आता रोज उलटा मिस्ड कॉल देतो.

आज तीन आले.
तीनचं आम्ही काही ठरवलंच नव्हतं.
एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात नवऱ्याची,
दोरा तोडूनच चावी घेतली.
गल्ली संपेना.

दार उघडं. ओसरीवर दोघी, मधे परात.
"धपाटे जास्त झाले गं. बस."

चावी मुठीत तशीच ठेवून बसले.
एक धपाटा बाजूला काढलेला होता,
कडक कडा तोडून,
गुरुजींना दात नाहीत म्हणून.