दीर्घ ऊ

नारिनच्या बाजारामागे, चाव्या बनवणाऱ्याला खेटून
माझं दुकान. एक टेबल, एक प्रिंटर, एक शिक्का.
भाषांतर पानाला दोनशे सोम.
आकडे आणि रकाने असतील तर अडीचशे.

जानेवारी संपत आलाय. बाहेर उणे सव्वीस.
झूरा मिर्झाबेक किझी टोपी न काढताच बसली आहे.
शिष्यवृत्तीचे कागद फिनलंडला
हेलसिंकीच्या घड्याळाने दुपारी तीनपर्यंत पोचायला हवेत,
म्हणजे आमच्या सातपर्यंत,
आणि साडेसहाला आमच्या गल्लीतली वीज जाते.
रोज जाते असं नाही.
पण जायची असली की साडेसहालाच.

पासपोर्टात तिच्या नावातला ऊ दीर्घ.
डिप्लोमात कुणा कारकुनाने तो ऱ्हस्व करून टाकला.
चार वर्षं हिमनदीवर बर्फ मोजत हिंडलेली मुलगी
कागदोपत्री दोन झाली:
एक शिकलेली, तिच्याकडे पासपोर्ट नाही.
एक पासपोर्टवाली, ती कधी शाळेतच गेली नाही.
मी तिसरा कागद बनवतो,
की या दोघी एकच.
"याचेही दोनशे?"
याचेही दोनशे.

मग उत्पन्नाचा दाखला.
गावच्या कार्यालयाने लिहिलंय:
मेंढ्या त्रेचाळीस, घोड्या दोन, गाय एक.
आई: काम करत नाही.
अर्जातल्या चौकोनाला मात्र युरो हवेत.
"एका मेंढीचे किती धरायचे?"
कुठली मेंढी, मी विचारतो.
शरदातली, की हिवाळा काढून हाडं वर आलेली?
ती पहिल्यांदाच हसते.
म्हणते, पाहुणा दारात आला
तर तिची किंमत शून्य धरा.

भाषांतरकाराने कागदाबाहेर बघू नये.
पण कागद ज्यात गुंडाळून आणलेत
तो लोकरीचा नमदा टेबलावर पसरलाय,
लाल काठ, मधे मेंढ्याची शिंगं.
ही लोकर कुणीतरी धुतली, पिंजली,
उकळतं पाणी ओतून कोपरांनी दाबली, लाटली, पुन्हा लाटली.
मी टाइप करतो: काम करत नाही.
शिक्का मारतो: भाषांतर मूळाबरहुकूम.

शेवटी तिने स्वतः लिहिलेलं निवेदन.
"जरा चुका बघाल का?"
'लहानपणापासून मला निसर्गाची ओढ…'
मी या टेबलाशी बसल्यापासून
सगळ्यांनाच लहानपणापासून कसली तरी ओढ असते.
तिथे वर तू नक्की करतेस काय, मी विचारतो.
ती हातानेच दाखवते:
बर्फात भोक पाडून काठी रोवायची.
पुढच्या वर्षी जायचं, काठी किती उघडी पडली ते मोजायचं.
काठी वाढत नाही, बर्फ खाली जातो.
"गेल्या वर्षी तीन काठ्या आडव्याच सापडल्या.
धरून ठेवायला काही उरलंच नव्हतं."
मग हेच लिही की.
ती घड्याळाकडे बघते. सहा वाजून दहा.
"नको. ते विचारत नाहीत."
ओढ तशीच राहिली.
मी फक्त दोन स्वल्पविराम काढले.

साडेसहा झाले. आम्ही दोघं दिव्याकडे बघत राहिलो.
त्या दिवशी वीज गेली नाही.
सहा बावन्नला पडद्यावर एक ओळ उमटली,
अर्ज मिळाला, एप्रिलमध्ये कळवू.
ती म्हणाली, "एवढंच?"
पैसे मोजले तर पन्नास सोम कमी भरले.
राहू दे म्हणालो, तर रागावली.
शेजारच्या चावीवाल्याकडून उसने आणून दिले,
नमदा रिकामाच गुंडाळला आणि गेली.

खणात खाली माझाही एक डिप्लोमा आहे.
त्यातलं नाव आणि पासपोर्टातलं नाव
अगदी तंतोतंत, काना-मात्रेचाही फरक नाही.
कुणी ते कधी ताडून पाहिलं नाही.