चतुःसीमा

रविवारी दहा ते एक तिसरी ब आमची.
नारायण पेठेतली शाळा, बुटकी बाकं,
बसलं की गुडघे छातीशी येतात.
फळ्यावर: शनिवार, सात फेब्रुवारी,
पट बेचाळीस, हजर अडतीस.
तो पुसायचा नाही, अशी मोकाशे शिपायांची ताकीद,
म्हणून मी उरलेल्या कोपऱ्यात लिहिते:
घरातली एक वस्तू. विशेषणं नकोत.

आमचा पट सात, हजर चार.
डॉक्टर तांबोळी भूल देतात,
आणि त्यांच्या कथेत कुणालाच झोप लागत नाही.
शुभंकर खराडीची रात्रपाळी संपवून तसाच येतो,
सगळं फोनवर लिहितो, एका अंगठ्यानं.
रूथताई सोज्वळ पाच रविवार म्हणतायत,
मी नुसती ऐकायला आलेय हो.
आणि ओव्हाळ.
बत्तीस वर्षं हवेलीच्या निबंधक कचेरीबाहेर टेबल टाकून
खरेदीखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोड.

'सदर'शिवाय त्यांचं वाक्य उठत नाही.
सदर चहा. सदर कुत्रा.
सदर इसम, म्हणजे ते स्वतः.
मी लाल पेनानं काढत गेले,
पहिल्या खेपेला अकरा, मग नऊ.
भाषा जरा मोकळी सोडा, म्हटलं.
हे मी अठरा वर्षं म्हणतेय,
कुणाकडून उचललं तेही आठवत नाही.

आज ते उभे राहिले. बाकाचा खिळा विजारीला अडकला,
तो सोडवला, मग वाचलं:

सदर खाट, लोखंडी,
लिहून देणार यांच्या पत्नीच्या वहिवाटीतील.
पूर्वेस खिडकी, तीपलीकडे कालवा.
पश्चिमेस औषधांचे स्टूल.
दक्षिणेस भिंत, तीवर ऑगस्टचे पान.
उत्तरेस लिहून देणार यांची चटई.
येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक,
जल, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपांसह
सदर खाट माहे ऑगस्ट, तारीख अकरापासून
रिकामी असून
तीवर कोणाचाही बोजा नाही.

खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी
मागे येताना तीच ती धून वाजवत राहिली.

आधी काय आवडलं ते सांगायचं, हा आमचा नियम.
कुणी पाळला नाही.
डॉक्टर म्हणाल्या, अगदी हळू,
रिकामी हे विशेषण झालं ना?
ओव्हाळांनी कागद पुन्हा पाहिला.
नाही मॅडम. ती स्थिती. दस्तात लिहावीच लागते.

मी मनातल्या मनात 'सदर' काढून पाहिलं.
उरली नुसती खाट,
जुन्या बाजारात दहा मिळतील तशी.
घाईघाईनं परत ठेवलं,
दुसऱ्याच्या घरातली वस्तू हाताळताना
कुणी पाहिल्यासारखं.

रूथताईंनी विचारलं,
चटई अजून उत्तरेलाच का?
हो. हलवायची तर चूकदुरुस्ती दस्त करावा लागेल.
मग ते हसले, आणि आम्हालाही हसता आलं,
नको तेवढं.

कागदाच्या तळाशी दोन ओळी कोऱ्या होत्या:
साक्षीदार एक. साक्षीदार दोन.
सवय हो, म्हणाले,
आणि कागद घडी करायला लागले.
थांबा, रूथताई म्हणाल्या.
पर्समधून पेन काढलं, त्याचं टोपण दातांनी उघडलं,
आणि आख्खं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.
या वर्गात त्यांनी लिहिलेलं पहिलंच काही.
शुभंकरनं फोन बाकावर पालथा ठेवला.
काका, अंगठा चालतो का?
चालतो की. डावा पाहिजे.

शाई कुठून आणायची?
मी बाईंचा खण उघडला.
खडूचे तुकडे, जप्त केलेला भोवरा,
जांभळं स्टँपपॅड,
त्याच्यावरच चिकटून बसलेला
'छान' असा शिक्का.
पॅड दिलं.
शिक्का सोडवून परत खणात टाकला
आणि खण, मोकाशे दारात किल्ल्या वाजवत असताना,
नीट लावून घेतला.