निरोप्या

मला खाणीच्या कचेरीत घेतलं तेव्हा
काम हजेरीपटाचं आहे असं सांगितलं होतं.
दुसरं काम कागदावर नव्हतं.

ते एतेरी करायची, बावीस वर्षं.
आत कुठे छत बसलं, कुठे साखळी तुटली,
की टेबलावरचा चहा तसाच ठेवून ती कोट चढवायची
आणि रोपवेच्या गंजक्या डब्यातून
दरीपलीकडच्या वस्तीत जायची.
इमेरेतीच्या डोंगरात तिच्या कोटाचा रंग
पोरंसुद्धा ओळखायची.
त्या सप्टेंबरात म्हणाली, माझे गुडघे गेले. तू चल.

डब्यात मी वाक्य घोकत होतो.
आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.
खाली नदी काळी, मँगनीजनं काळी,
दोरीवरची धुणीसुद्धा करडी.
आम्ही सहभागी आहोत. सहभागी आहोत.

मनाना अंगणात अक्रोड सोलत बसली होती,
हिरव्या सालींनी हात कोपरापर्यंत डागाळलेले.
मी वाक्य म्हटलं. एकही शब्द न चुकता.
ती म्हणाली, "कोणाच्या?"

एतेरीनं मला बाजूला केलं.
बूट काढले, कण्हत जमिनीवर बसली,
गुडघ्याला गुडघा लावून.
"जुम्बेर," म्हणाली. "तुझा जुम्बेर गेला, मनाना.
सकाळी साडेनऊला."
मग उठून आत गेली
आणि घेवड्याच्या पातेल्याखालचा गॅस बंद केला.
त्या घरात आता ते कोणाच्या लक्षात राहणार होतं?

तीन तास आम्ही तिथं होतो.
एतेरी त्यानंतर फारसं बोललीच नाही.
अक्रोड सोलत राहिली.

परतताना मी वहीत लिहून घेतलं:
बूट. नाव. गॅस.

फेब्रुवारीत एकटाच गेलो, म्हाताऱ्या वालिकोकडे.
बूट काढले. मुलाचं नाव घेतलं. गॅस बंद केला.
म्हातारा खेकसला, "कोणी विझवला?
त्याला सूप गरम लागतं."
मी काडी ओढली, हात थरथरत होता,
दुसरी काडी ओढली.
सूप रात्रभर आटत राहिलं
आणि मी पाणी घालत राहिलो.
उजाडताना म्हातारा बाकावरच कलंडला,
तेव्हा पातेल्यात नुसतं गरम पाणी होतं
आणि तळाशी एक तमालपत्र.

एतेरीला सांगितलं. वाटलं, रागावेल.
"पाणी घातलंस ना?" म्हणाली, आणि चहा ढवळत बसली.
वही मी पुन्हा उघडली नाही.

मग मे महिन्यात फोन आला.
रेझो. एतेरीचा धाकटा भाऊ.
ती त्या दिवशी दातदुखीनं घरी होती.
कचेरीत कोणी कोट उचलला नाही.
सगळे माझ्याकडे बघत होते,
आणि बघत नाही असं दाखवत होते.

वीज गेलेली, रोपवे बंद.
पायऱ्यांनी दरी उतरलो, पलीकडची चढलो.
घोकायला वेळ भरपूर होता.
घोकण्यासारखं काही नव्हतं.

तिनं दार उघडलं. मी काहीच बोललो नव्हतो,
फक्त नाडी सोडायला वाकलो होतो.
ती माझ्या बोटांकडे बघत राहिली.
मग आत गेली, आणि गॅस बंद केल्याचा
तो बारीकसा टक
मला उंबऱ्यात ऐकू आला.

परत येऊन माझ्यासमोर बसली, जमिनीवर,
सुजलेल्या गालावर अजून रुमाल बांधलेला.
"हं," म्हणाली. "रेझो नको. पूर्ण नाव घे."

रेवाझ, मी म्हणालो.

पुढचं मला कोणी शिकवलं नव्हतं.
माझ्या एका बुटाची गाठ सुटलीच नव्हती,
तो पायातच राहिला.
ओट्यावर अर्धा चिरलेला कांदा होता.
उरलेला मी चिरला.
मग आणखी एक.
मग टोपलीतले सगळे.