टाकीच्या तळाशी

आज इंजिनाला बटाट्यांचा वास येतोय.
जाळं अजून कोरडं आहे, तरी तीन सीगल
लर्विकपासून मागे लागलेत.
त्यांना वाटतं, तळणीचं दुकानच तरंगत निघालं.

खोटं नाही म्हणा.
ओस्लाच्या कढईत शुक्रवारभर काळवंडलेलं तेल
मी उशीच्या अभ्र्यातून गाळते,
शेडची खिडकी सताड उघडून त्यात मिथेनॉल,
कॉस्टिक सोडा तोळून-मापून.
सकाळी तळाला ग्लिसरीन बसलेलं, काकवीसारखं,
वरचं नितळ, सोनेरी.

मॅन्सी धक्क्यावरून ओरडला होता,
"बोट काय पाहुणी आलीय, तिला तळलेलं वाढायला?"

दोन आठवडे बरे गेले. धूर कमी, आवाज मऊ.
तिसऱ्या मंगळवारी, ब्रेसेच्या पल्याड,
इंजिनाने दोन आचके दिले
आणि गप्प.

समुद्राने बोट कडेवर घेतली,
खडकांकडे चालू लागला.
त्याला घाई नव्हती.

फिल्टर उघडला: काळा गाळ,
बोटाला धरून बसणारा.
हे तेल नुसतं जळत नाही,
टाकीच्या भिंती घासत येतं,
वर्षानुवर्षं चिकटलेलं सोडवतं
आणि आणून ठेवतं पुढ्यात.

बाबांनी एकतीस वर्षं ही टाकी भरली.
धुतली एकदाही नाही.
आई ॲबर्डीनला निघून गेली त्यानंतर
तिचं नाव घरात कधी घेतलं नाही त्यांनी,
बोटीवरचं मात्र
दर वसंतात नव्याने रंगवलं.
मी डबा धरून उभी असायची. निळा रंग.
विचारलं नाही.

दुसरा फिल्टर होता, तो बसवला.
पंपाचा स्क्रू सैल केला: फेस, फेस, फेस,
मग तेल.
बोटं बधिर. रबरी नळी फुगून मऊ झालेली,
हीही बदलायला हवी.
तिसऱ्या खेपेला इंजिनाने धरलं.

गाळ पाण्यात नाही टाकला.
मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत भरला,
का ते माहीत नाही.

वायरलेसवर मॅन्सी: "काय गं, तळण करपलं?"
"नाही. टाकी साफ होतेय."
"गिडियनची?"
"हो."

बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाला,
"माझ्याकडे फिल्टर पडलेत.
येताना घेऊन जा.
चार तरी लागतील तुला."