श्वास धरा

शिनाणे काढायला सहदेव खडपाखाली उतरायचा
तेव्हा होडीत बसून आकडे मोजणं माझं काम.
नव्वदला मी घाबरायचो,
एकशेदहाला रवळनाथाला नारळ बोलायचो,
आणि एकशेवीसच्या पुढे कुठेतरी
पाणी फाटायचं.
आधी वर यायची भरलेली जाळी, मग त्याचं हसू.

मग आचऱ्याच्या बाजूला रिसॉर्ट उठलं.
सत्तर खोल्या, सत्तर न्हाणीघरं,
प्रत्येकाला कमरेपर्यंत काळा ग्रॅनाईट.
सहदेवच्या हातात कटर आला,
माझ्या हातात प्लास्टिकची बाटली,
झाकणाला खिळ्याने पाडलेलं भोक.
पात्यावर धार धरायची, एवढंच.
पाणी पडलं की धुळीचा चिखल होतो
आणि चिखल उडत नाही.
हे मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी मुकादम म्हणाला,
भिंती बरबटतात, खुणा पुसतात,
सुकं कापा, उद्घाटनाची तारीख छापून झालीय.
मी बाटलीतलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

जांभ्याची धूळ आमच्या ओळखीची.
लाल, भाबडी, विहिरीवर दोन तांब्यांत उतरणारी.
ही राखाडी, तांदळाच्या पिठाहून मऊ,
बंद न्हाणीघरात भर दुपारी बल्ब लावला
तरी कोण कुठे उभा आहे
ते खोकल्यावरून ओळखायचं.
सहदेवच्या तोंडाला बायकोची विटकी ओढणी.
संध्याकाळी भुवया पांढऱ्या.
“म्हातारो झालस रे,” मी म्हणायचो.
“होवंदे, पगार तरण्याचो गावता.”

चार वर्षं.
मग जिना चढताना थांबणं. मग अंगणात थांबणं.
मग भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या झोप.
टीबीच्या गोळ्या सहा महिने,
लघवी लाल झाली, खोकला होता तसाच,
आणि एवढ्या कागदांत कुणी विचारलं नाही
की बाबा, तू काम काय करतोस.

ओरोसला एका पोरसवद्या डॉक्टरीणबाईने विचारलं.
“शिनाणे काढतंय,” सहदेव म्हणाला.
मी म्हणालो, फरशी कापतो. सुकी.
तिचं पेन थांबलं.
पाणी नाही का वापरलंत?
सहदेवने माझ्याकडे पाहिलं नाही.
त्याचं मन मोठं होतं,
की मान वळवण्यापुरताही दम उरला नव्हता,
मला अजून कळलेलं नाही.

एक्स-रेच्या खोलीत त्याला उघडा उभा केला,
छाती गार पाटीला टेकवून.
काचेमागून माणूस ओरडला,
श्वास घ्या.
धरा.
सोडू नका.

दाराबाहेर माझी बोटं आपोआप चालू झाली.
एक. दोन. तीन.

चारला तो खोकला.

पुन्हा घेऊ, आतला माणूस म्हणाला.
मी परत एकपासून.