खिशांची खोली

नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानावर,
डॉक्टर निगार तांबोळी
माझ्या हिरडीत बारीक सळई घालून आकडे बोलतात
आणि हाताखालची पोरगी लिहून घेते:
तीन, दोन, तीन.
तीन, दोन, तीन.
मी पायाच्या अंगठ्याने ठेका धरतो.
मग वरच्या समोरच्या दातांशी
सहा. पाच. सात.
अंगठा थांबतो.

"खिसे झालेत हिरडीत, खुडेमामा."
बँडच्या लाल कोटाला खिसे नुसते वरून शिवलेले,
आत पिशवीच नाही.
जन्मात पहिला खोल खिसा मिळाला
तो इथे.

क्लॅरिनेट याच दातांवर टेकतं.
दात हलला की सूर हलतो,
आणि वरातीत ते कुणालाच कळत नाही,
हे जास्त वाईट.

सिरिंजमध्ये थेंबभर काहीतरी,
भिजलेल्या सब्जाच्या कडेला असतं तसं.
"हायल्युरॉनिक ॲसिड."
ॲसिड आम्ही मोरीत ओततो. मी खुर्चीचे हात धरले.
"अहो, हे तुमच्यात आहेच.
डोळ्यात, गुडघ्यात. नाळेतसुद्धा होतं.
पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यातून काढायचे."
तुरा आमच्या फेट्यालाही आहे, मी म्हणणार होतो,
पण तोंडात कापूस.

नंतर विचारलं, गेलेलं हाड येईल?
"सगळं येईल असं मी म्हणणार नाही.
हे पाणी धरतं, जागा धरतं.
विणायचं काम तुमचं तुम्हालाच."

बाहेर, फुटपाथच्या खोदाईत
उघड्या पडलेल्या गुलमोहराच्या मुळांवर
कुणीतरी घमेलंभर माती लोटून
ओलं गोणपाट टाकलं होतं.
कुणी, ते विचारायला कोणी नव्हतं.

मग लापशी. मऊ भात. मऊ ब्रश, हळू.
तुळशीच्या लग्नानंतरच्या सगळ्या सुपाऱ्या
मालकाने धाकट्या इरफानला दिल्या.
पेटी पलंगाखाली.
रात्री वरातीचा आवाज आला
की जीभ आपोआप टाक्यांकडे जायची
आणि मी तिला परत बोलवायचो.

सहा महिन्यांनी तीच खुर्ची, तीच सळई.
खाली कुणीतरी चाकाचा रिम ठोकून सरळ करत होतं.
चार.
तीन.
चार.
पोरीने लिहिलं.
मी बोट वर करून थांबवलं, पुन्हा म्हणा.
चार, तीन, चार.

हा ठेका मी कधी वाजवला नाही.
बसवून बघतो.