हद्द कायम

भूपाल मगदूमचा टेम्पो आजही
माझ्या फाटकापुढं सव्वा फूट आत.
नजरेनं सांगतो. टेप लागत नाही.
बत्तीस वर्षं भूमी अभिलेखात काढली,
जत, आटपाडी, कवठेमहांकाळ,
शंकू-साखळी शिपायाच्या खांद्यावर
आणि नकाशा माझ्या बगलेत.
भाऊ-भाऊ बांधाच्या दोन बाजूंना उभे,
मधे एक वाळकी बाभूळ,
मी म्हणायचो, अहो, वीतभर जागेत
पिकणार आहे काय तुमच्या?
चहा मात्र दोन्हीकडचा घ्यायचो.
एक म्हातारा म्हणाला होता,
पिकायचं नाय काय, सायेब. दुखतंय.

विश्रामबागेत, निवृत्तीनंतर,
नेमकं कुठं दुखतं ते कळलं.

मगदूम तसा गोड माणूस.
"दोनच मिनिटं, सर. काढतो की."
त्याची दोन मिनिटं मी मोजलीत.
कुकरच्या चार शिट्ट्या,
पेपर, पुरवणी, शब्दकोडं,
एकदा तर यार्डात सौदा निघून
हळदीची पोती भरून झाली
तरी दोन मिनिटं चालूच.

मी पाटी लावली.
त्यानं वाचली, म्हणाला, अक्षर छान आहे.
विटा मांडल्या,
त्यावर दूधवाला पिशव्या ठेवायला लागला.
कोरफडीची कुंडी ठेवली, ती चाकाखाली गेली.
दुसऱ्या दिवशी त्यानं नवी आणून दिली,
शेवंतीसकट,
आणि टेम्पो होता तिथंच.

एकदा, आवाज न चढवता, त्यानं विचारलं,
"पण सर, तुमच्याकडं गाडी कुठंय?"

नाही.
स्कूटर गुडघ्यांनी विकायला लावली.
सायकल भिंतीला टेकून, दोन्ही चाकं बसलेली.
मी आडवा होऊन दुधाला जातो, मावतो.
हे त्याला कसं सांगू,
की बाहेर पडायचं नसलं तरी
पडता येईल एवढी जागा समोर लागते.

चौकीतल्या पोरसवदा हवालदार बाईंनी
तक्रार निम्मी लिहिली, पेन थांबवलं.
"काका, फाटकाबाहेरची जागा कुणाच्या नावावर?"
मी गप्प.
मिळकत पत्रिका ट्रंकेत आहे,
तिच्यावर सही माझ्याच हाताखालच्या माणसाची.
माझी हद्द कुंपणाच्या भिंतीला संपते.
आणि पुढचा तो सिमेंटचा उतार,
ज्यावर त्याचं चाक चढलं की माझं रक्त चढतं,
तो मीच ओतून घेतलाय,
दिवाळीच्या सुट्टीत, सरकारी कचेऱ्या बंद असताना.
उताऱ्यावर नसलेला उतार.

रात्री अकराला टेप घेऊन बाहेर आलो.
हिला सांगितलं, झोप येत नाही.
मगदूम ताडपत्री बांधत होता,
हवेत कच्च्या हळदीचा उग्र वास,
माझा उतार पिवळा.
एकट्याला टेप जमेना. टोक सुटायचं,
सरसर परत येऊन बोटाला चावायचं.

त्यानं गाठ अर्धी सोडली, खाली बसला,
शून्याचं टोक भिंतीला दाबून धरलं.

मोजायला दुसरा माणूस लागतो.
बत्तीस वर्षं कुणी ना कुणी धरलंच होतं ते टोक,
एकाचंही नाव मला आठवेना.

"किती आलं, सर?"
खांबावरचा दिवा मिचमिचत होता, चष्मा आत.
"दोन फूट सात इंच," मी म्हणालो.
आणि बऱ्याच वेळानं, "माझं. रस्त्यात."
त्याला कळलं का, कोण जाणे.
"बरं," म्हणाला,
आणि टोक सोडण्याआधी विचारलं, "सोडू?"

सकाळी टेम्पो यार्डात गेलेला.
उतारावर मी दोन बादल्या ओतल्या, खराटा मारला.
पिवळं जात नाही.
संध्याकाळी येईल तो.
कुठं लावतो, बघू.